शेडमधल्या खुर्च्या

“निघाली बघा परत,” रूपी म्हणाली, आणि अण्णांनी पाय लांब करून तिची खुर्ची अडवली.

आमच्या शेडची जमीन उताराची आहे. चिकू धुतले की पाणी आपोआप मागच्या नालीत जावं म्हणून आजोबांनी ती मुद्दाम तशी करून घेतली होती. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं कॉल सेंटर काढलं, मुंबईहून चाकांच्या खुर्च्या आल्या, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या मुली फोनवर बोलता बोलता हळूहळू नालीकडे सरकू लागल्या. तेव्हापासून प्रत्येकीच्या चाकाखाली चिकूच्या खोक्याच्या फळीचा एक तुकडा असे. रूपीचा तुकडा मात्र कायम हरवलेला.

रूपी तलासरीजवळच्या उधव्याची. सगळ्या मुलींवर देखरेख तिचीच. त्या दुपारी तिच्या कानाला हेडफोन होता आणि ती सुरतेच्या कुणा बाईला शांतपणे सांगत होती, “बेन, फ्रिजनी पाछळ जुओ ने. प्लग बराबर लाग्यो छे?” मग माइकवर हात ठेवून अण्णांना, “शेठ, पाय काढू नका हां.”

“शेठ म्हणायचं नाही असं ठरलंय ना आपलं?”

“सर म्हटलं तर तुमी मागं वळून बघता, कोन आला म्हणून.”

अण्णा हसले, पण पाय काढला नाही. फ्रिज सुरू झाला, सुरतेची बाई खूश झाली, मग त्यांनी खाली वाकून स्वतः फळीचा तुकडा शोधला आणि चाकाखाली सारला.

डहाणू तालुक्यात धूर सोडणारा कारखाना काढता येत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यानं आमच्या चिकूच्या वाड्या वाचल्या. पण तलासरीकडची मुलं कामासाठी वापीला जायला लागली ती परत येईनात. अण्णांना दोन्ही गोष्टी दिसत होत्या आणि ते त्यावर नुसतेच चिडत असत. मग एकदा त्यांनी पेपरात वाचलं की कॉम्प्युटरचं काम मोठ्या शहरांतून बाहेर काढायचं सरकारचं धोरण आहे. लहान गावात कॉल सेंटर काढलं तर दर खुर्चीमागे केंद्र सरकार मदत देणार, बायकांना काम दिलं तर आणखी. त्या दिवसापासून अण्णा भेटेल त्याला थांबवून सांगू लागले. “धूर नाही, मळी नाही, आवाज म्हणशील तर पोरींच्या बोलण्याचा. डहाणूला साजेसा कारखाना हाच. सरकारला हे सुचायला पंचवीस वर्षं लागली, पण सुचलं.”

सदूकाका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, म्हणत, “अण्णा, सरकारला सुचलं, पण आपल्याच शेडबद्दल सुचलं असं कुणी सांगितलं तुला?”

संध्याकाळी घरातल्या ऑफिसच्या कोपऱ्यात मी मेल वाचून दाखवली. तपासणीची तारीख आली होती. मुंबईहून पथक येणार, चालू खुर्च्यांचे फोटो काढणार, त्यानंतर मंजुरी. अंधेरीच्या ज्या कंपनीचं काम आम्ही करत होतो तिनं साफ सांगितलं होतं: मंजुरी मिळाली तर पुढचा करार, नाहीतर दुसरं गाव.

अण्णांनी चष्मा पुसला. “येऊ देत. सगळं चालू आहे. झाडून घेऊ फक्त.” मग उठता उठता रोजचा प्रश्न. “आणि तू? पुण्याला कधी निघतेस?”

“बघू,” मी म्हटलं.

“बघ.”

हा आमचा दोन वर्षांचा खेळ होता. मी पुण्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. एका दिवाळीला आले, तेव्हा अण्णा शेडला रंग देत होते. मी ब्रश घेतला आणि परत गेलेच नाही. लोकांनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “मीच बोलावून घेतली. मला कुठं ते कॉम्प्युटर कळतं?” त्यांनी मला कधीच बोलावलं नव्हतं. पण सगळ्यांना ते पटलं. आमच्या मसोली गावात बापासाठी आलेल्या मुलीला मान आहे. स्वतःला हवं म्हणून माहेरच्या वाडीत येऊन राहिलेल्या मुलीकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. पहिल्यांदा चुलत भाऊ बघतो. आम्ही दोघं यावर कधी बोललो नाही. मीही “बघू”च्या पुढे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन अण्णा वाडीत गेले आणि विहिरीजवळच्या झाडापाशी बसले. गडी हाक मारायला गेला तेव्हा ते टेकूनच बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना.

*

आईला पुढच्या दिवसांत सगळ्यात जास्त कशाची चिंता असेल, तर आलेल्यांना बसवायचं कुठं याची.

नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन अधूनमधून हलत होती. तलासरीच्या बाजूला जास्त, आमच्याकडे कमी, पण म्हातारी माणसं छपराखाली बसायला तयार नव्हती. बोर्डी, चिंचणी, घोलवड, सगळीकडून माणसं येत होती आणि सगळ्यांना अंगणात बसायचं होतं. निम्म्यांचे गुडघे गेलेले, त्यांना सतरंजी चालत नव्हती. मंडपवाल्याकडे लग्नसराई होती.

“खुर्च्या बघ रे कुठून तरी,” आई पीयूषला म्हणाली.

पीयूष सदूकाकांचा मुलगा. अण्णांना मुलगा नाही, त्यामुळे अग्नी त्यानंच दिला होता आणि त्या जबाबदारीनं तो फार वाकून गेला होता. कुणी काही म्हटलं की ते करायला धावत होता. तो शेडवर गेला. रूपीला म्हणाला, घरी खुर्च्या पाहिजेत. रूपीनं एका शब्दानं विचारलं नाही. मुली उठल्या, आणि टेम्पोच्या दोन फेऱ्यांत शेडमधल्या सगळ्या खुर्च्या आमच्या अंगणात आल्या.

मी त्या रोज बघत होते. हे आता कुणाला खरं वाटणार नाही, पण मला त्यात काही विचित्र दिसलं नाही. अण्णांचे मामेभाऊ मुकुंदकाका निळ्या फिरत्या खुर्चीवर बसून गोल फिरत बोलत, खुर्चीच्या पाठीवर आमचा चिकटवलेला नंबर. आणि मी त्यांना चहा देत असे. तपासणी पुढे ढकला अशी मेल मी दुसऱ्याच दिवशी पाठवली होती. उत्तर आलं नव्हतं, पण एवढं माणसाला कळेलच, असं मी धरून चालले होते. आई म्हणते, तू त्या दिवसांत जेवणाच्या ताटालाही नमस्कार करत होतीस.

*

दहाव्याला पुरुष सगळे समुद्रावर गेले होते. विधी आटोपला, आणि बाकीचे मागे रेंगाळले तेव्हा काका एकटेच पुढे चालत निघाले. डोकं ताजं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. हे सगळं काकांनी मला नंतर सांगितलं. आणि काका गोष्ट सांगतात तेव्हा स्वतःला सोडत नाहीत.

मसोलीच्या वळणावर एक पांढरी गाडी थांबली. मागे एक बाई, पुढे एक वयस्कर गृहस्थ.

“जीवन सावे यांचं कॉल सेंटर कुठं आहे?”

काका म्हणतात, तेव्हा त्यांना एकदम सुटका दिसली. एवढंच म्हणायचं होतं: जीवन सावे वारले, सेंटर बंद आहे. खोटं त्यात अर्धंच होतं. गाडी वळून चारोटीला गेली असती, तिथं वडापाव खाऊन हायवेला लागली असती आणि सगळं मिटलं असतं. शेड मोकळी. पीयूषला तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, मुंबईची माणसं शनिवार-रविवार येतात, वाडीत झोपाळे बांधून झोपतात. आणि मयूरी, म्हणजे मी, मोकळी. त्यांच्या मनात शेडइतकाच माझाही विचार होता, हे ते शपथेवर सांगतात, आणि मला ते खरं वाटतं.

“मी त्यांचा भाऊ,” काका म्हणाले.

गृहस्थांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं आणि गाडीतून उतरले. “कधी?”

“आज दहावा.”

“आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही परत जातो.”

“परत कशाला?” काका म्हणाले. “बसा गाडीत. मी दाखवतो.” आणि ओल्या धोतरानं सरकारी गाडीच्या सीटवर बसले.

का, असं मी विचारलं. काका म्हणाले, “वाट विचारली त्यांनी. आणि भला माणूस होता गं तो. बंद आहे म्हणायला माणूस जरा तरी आगाऊ असावा लागतो.”

*

शेडच्या दारात पोचल्यावर त्या बाई म्हणाल्या, “हे काय?”

गाडी शेडकडे वळताना पाहून मी तोवर घरून धावत आले होते. आत सगळं चालू होतं. कॉम्प्युटर चालू, फोन चालू, दिवे हिरवे. आणि मुली खाली बसल्या होत्या. मांडी घालून, ओळीनं, पडद्यासकट की-बोर्ड चिकूच्या उलट्या खोक्यांवर मांडून, त्या बोलत होत्या. बरोबर त्याच जागी, तशाच ओळीत, त्यांच्या आया बसून चिकू निवडायच्या. मी लहानपणी त्या ओळीच्या टोकाला बसून चिकू खाल्लेत. क्षणभर मला फक्त तेच दिसलं.

“खुर्च्या कुठायत?” बाईंनी विचारलं.

“वर घरी,” रूपी म्हणाली.

“घरी का?”

“मयत झालाय ना शेठचा. मान्सां येतात, त्यांना बसायला नको?”

“आणि तुम्ही?”

“आमी बसलोय की,” रूपी म्हणाली. मग मला दबक्या आवाजात, “ताई, खाली बरं पडतंय. घसरत नाय.”

बाईंच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं, पण त्या कामाच्या माणूस होत्या. टॅबलेट हातात धरून म्हणाल्या, “मॅडम, मला वाईट वाटतंय. पण फोटोत शेड, खुर्ची, मुलगी आणि चालू पडदा एकत्र यावं लागतं. जमिनीवरच्या मुलींचा फोटो मी वर पाठवला तर काय अर्थ काढतील, तुम्हीच सांगा.”

“खुर्च्या आत्ता आणल्या तर?” मी म्हटलं.

“दुपारी आम्हाला जव्हारला पोचायचंय. तोवर आहोत आम्ही.”

पीयूष तेवढ्यात समुद्रावरून आला. त्याला सगळं कळलं आणि त्याचं भादरलेलं डोकं कानांपर्यंत लाल झालं. “मॅडम, चूक माझी आहे. मी नेल्या खुर्च्या. हिला माहीत नव्हतं.” मग माझ्याकडे वळून, “टेम्पो आचाऱ्याबरोबर गेलाय गं. भाजी आणायला.”

तपासणी फसली असती तर शेडच्या जागी रूम्स बांधायचा त्याचा मार्ग खुला होता. हे त्याच्या डोक्यात आलंच नसावं. पीयूष असाच आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर नीट रागावता येत नाही.

*

अंगणात सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मधोमध हिरकणीआत्या.

आत्या अण्णांची मोठी बहीण, घोलवडला दिलेली. कानानं कमी ऐकते, त्यामुळे सगळ्यांना मोठ्यानं बोलायला लावते, आणि मग घरातली कुठलीच गोष्ट खासगी राहत नाही. तिचा या कॉल सेंटरला पहिल्यापासून विरोध. वारली मुली शेडमध्ये खुर्चीवर आणि शेठ उभा, हे तिला पटत नव्हतं. ती ते बोलूनही दाखवायची, आणि अण्णा म्हणायचे, “ताई, मी बसलो तर घसरतो.”

“आत्या, खुर्च्या पाहिजेत,” मी म्हटलं.

“काय?”

“खुर्च्या! शेडवर न्यायच्यात! तपासणीवाले आलेत!”

मामेभाऊ फिरायचे थांबले. कुणीतरी पुटपुटलं, दहाव्याच्या दिवशी असलं काय ते. आईनं पदर तोंडाला लावला होता. तिला हसू येत होतं की रडू, मला कळेना.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बसल्या जागी मागे वळून खुर्चीच्या पाठीवरचा नंबर वाचायचा प्रयत्न केला.

“ही जीवनची?”

“सेंटरची, आत्या.”

“सेंटर कुणाचं मग? माझं?” ती दोन्ही हात टेकून उठली. “उठा रे सगळे. उठा. ज्याच्या दहाव्याला आलात त्याच्या खुर्च्या अडवून बसलात. लाज नाही वाटत? मुकुंदा, ऊठ. फिरून फिरून ढिली केलीस ती.”

टेम्पो नव्हता. वाट वाडीतून, चाकं मातीत रुतत होती. मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं निळ्या खुर्च्या उचलून चिकूच्या झाडांखालून निघाली. कुणी डोक्यावर, कुणी दोघांत एक. काकांनी एक डोक्यावर उलटी घेतली, तिची चाकं वर फिरत होती. पुढे पीयूष दोन खांद्यांवर दोन घेऊन पळत होता. आत्या मागून काठी टेकत, “फांद्या सांभाळा, फुलं गळतील” म्हणत. शेडमधून मुली बाहेर आल्या आणि वाटेतच ज्याच्या त्याच्या हातातून आपापली खुर्ची घेऊ लागल्या, नंबर बघून. रूपीनं काकांच्या डोक्यावरची उतरवली.

“सदूशेठ, तुमी कशाला?”

“जड नाही,” काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “आतली फळी दे, चाकाखाली घालू.”

त्या बाईंनी फोटो काढले. शेड, खुर्ची, मुलगी, पडदा. वयस्कर गृहस्थ दाराशी उभे राहून पाहत होते. निघताना त्यांनी मला नमस्कार केला. “फोटो व्यवस्थित आलेत. आमच्या बाजूनं काही अडचण राहिलेली नाही.” मग काकांना म्हणाले, “तुमचे बंधू मला फोनवर दरवेळी चिकू खायला बोलवायचे.”

काकांनी गाडीत एक खोकं ठेवायला लावलं. ते नको नको म्हणत होते. शेवटी दोनच चिकू घेतले, एक त्यांना, एक बाईंना.

*

जेवणं झाली. मी त्या दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. सगळ्यांच्याच अंगातून काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. पाहुणे पांगले. खुर्च्या नव्हत्या, म्हणून आम्ही घरचे अंगणात सतरंजीवर बसलो होतो. आत्या एकटी पायरीवर. मुकुंदकाका खुर्ची नेताना कसा झाडात अडकला, ते पीयूष करून दाखवत होता आणि आई हसत होती. मोठ्यानं. “हे गेल्यापासून पहिल्यांदा,” असं तीच म्हणाली आणि मग पुन्हा हसली.

काकांनी सुपारी कातरली. “एक बरं झालं. अण्णाचं काम अर्धवट नाही राहिलं. मान राहिला त्याचा.”

“राहिला,” आई म्हणाली.

“आता मंजुरी येईल. अंधेरीवाले दुसरा कुणी चालवणारा बघतील, पोरींना तिकडे घेतील, तलासरीला, पालघरला, कुठंही. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी. पोरी उघड्यावर पडणार नाहीत.” मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं, “आणि तू मोकळी झालीस, बाळा. बापाच्या शब्दाखातर दोन वर्षं काढलीस इथं. मला रोज वाईट वाटायचं. एवढी शिकलेली पोर, चिकूच्या शेडमध्ये. आता जा पुण्याला. आम्ही आहोत वहिनीजवळ.”

पीयूष जमिनीकडे बघत होता. “शेडचं नंतर बघू,” तो म्हणाला. “घाई नाही काही.”

सगळ्यांनी मान हलवली. त्यात कुणाचं वाईट नव्हतं. सगळे इतके सुटल्यासारखे बसले होते की त्यांना मलाही सोडवायचं होतं. मीच बोलावून घेतली, असं अण्णांनी माझ्यासाठी जे सांगून ठेवलं होतं, त्याच्याच आधारानं माझ्या हातातून शेड जात होती, आणि ती देणारी माणसं माझ्यावर प्रेम करणारी होती. अजून थोडा वेळ मी गप्प राहिले असते तर सगळं छान झालं असतं.

“थांब सदू,” आत्या म्हणाली. “रीत केलीस का?”

आमच्या घरात दहाव्याच्या जेवणानंतर घरच्या मुलीला सगळ्यांसमोर विचारतात, गेलेल्याचं तुला काय पाहिजे. उत्तर ठरलेलं आहे. काही नको, माझं माहेर असू दे. मग तिला साडी देतात आणि ती डोळे पुसते. आजोबा गेले तेव्हा अण्णांनी आत्याला विचारलं होतं, आणि आत्यानं हेच उत्तर दिलं होतं. सगळं गाव तिचं नाव काढायचं.

“विचारतो की,” काका म्हणाले. “मयूरी, अण्णाचं तुला काय पाहिजे?”

मी तोंड उघडलं. ठरलेले शब्द खरंच ओठांवर आले, पाठ असल्यासारखे.

“मला बाबांचा रेडिओ पाहिजे होता,” आत्या एकदम म्हणाली.

“काय?”

“रेडिओ. बाबांचा. संध्याकाळी बाबा तो लावायचे, मी शेजारी बसायची. मला तो पाहिजे होता. जीवननं विचारलं तेव्हा जिभेवर होतं माझ्या. पण सगळी बघत होती, म्हणून म्हटलं काही नको. आणि तू,” तिनं काठी काकांकडे रोखली, “तू तो घेतलास आणि वर्षात मोडून ठेवलास. आत काय असतं ते बघायला उघडलास.”

“ताई, मी लहान होतो.”

“तेवीस वर्षांचा होतास!”

पीयूष फुटला. आई फुटली. काकासुद्धा मान खाली घालून हसायला लागले, खांदे हलत होते त्यांचे. आत्या एकटी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, हिला कमी ऐकू येतं, पण दिसतं सगळं.

“तिला बोलू दे,” आई म्हणाली. हसता हसताच म्हणाली, पण माझ्या पाठीवर हात ठेवून. “ह्यांना ती कधी सांगायची नाही. मी भिंतीपलीकडून ऐकायची रोज. ही म्हणे बघू, हे म्हणत बघ.”

म्हणजे आईला ठाऊक होतं.

“मला शेड पाहिजे,” मी म्हटलं.

“मोठ्यानं,” आत्या म्हणाली. “मला नाही ऐकू आलं.”

खाली शेडमध्ये कुणीतरी गुजरातीत बोलत होतं, रूपीच असावी, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकांचं हसू थांबलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, रागानं नाही. वाट विचारल्यासारखे.

“अण्णांनी मला बोलावलं नव्हतं, काका,” मी म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्या अंगणात ऐकू जात होता. “मी माझी आले. मला पुण्याला जायचंच नव्हतं कधी. मला इथं राहायचंय, मला हे काम करायचंय. शेड मला पाहिजे.”